कमी किमतीचा लॅपटॉप

कमी किमतीचा लॅपटॉप म्हणजे लेखन, वाचन, आंतरजालाचा वापर, दूरस्थ शिक्षण आणि कार्यालयीन कामे यांसारख्या मूलभूत गरजा भागवण्यासाठी मर्यादित खर्चात उपलब्ध होणारा, सोबत नेता येण्याजोगा वैयक्तिक संगणक होय. या गटासाठी कोणतीही अधिकृत किंमतमर्यादा नाही. भारतीय बाजारात सामान्यतः ४०,००० रुपयांच्या आतील लॅपटॉप या गटात गणले जातात. अनेक कुटुंबांत एकच लॅपटॉप विद्यार्थ्याच्या संपूर्ण पदवीकाळासाठी घेतला जातो व तो बदलणे परवडत नाही. त्यामुळे या गटात केवळ खरेदीची किंमत नव्हे, तर यंत्र किती वर्षे उपयोगी पडेल हा निकष महत्त्वाचा ठरतो.

इतिहास

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील निकोलस निग्रोपाँटे यांनी २००५ साली विकसनशील देशांतील मुलांसाठी १०० डॉलर किमतीच्या लॅपटॉपची कल्पना मांडली. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या संस्थेने तयार केलेल्या एक्सओ-१ या यंत्राचे उत्पादन २००७ साली सुरू झाले. मात्र त्याची किंमत १०० डॉलरपर्यंत खाली येऊ शकली नाही. भारताच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये ही योजना नाकारली होती. तरीही महाराष्ट्रातील रायगड जिल्ह्यातील खैरात या गावच्या लहानशा प्राथमिक शाळेत २००७ साली तिचा प्रायोगिक वापर करण्यात आला.

त्याच वर्षी असूस या तैवानी कंपनीने ७ इंची पडद्याचा ईई पीसी बाजारात आणला. त्यात ४ गिगाबाइट फ्लॅश साठवण आणि लिनक्स प्रणाली होती. पुढील वर्षी इंटेलचा ॲटम प्रोसेसर आला आणि अशा लहान, स्वस्त यंत्रांना 'नेटबुक' हे नाव रूढ झाले. टॅब्लेटच्या प्रसारानंतर नेटबुक मागे पडले. २०११ साली गूगलच्या क्रोमओएस प्रणालीवर चालणारी पहिली क्रोमबुक विक्रीस आली. तमिळनाडू शासनाने २०११ पासून शासकीय व अनुदानित संस्थांतील विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप वाटण्यास सुरुवात केली. २०२३ मध्ये रिलायन्स जिओने ११ इंची जिओबुक १६,४९९ रुपयांना बाजारात आणले.

प्रमुख घटक

प्रोसेसर

प्रोसेसरच्या नावावरून त्याच्या क्षमतेचा नेमका अंदाज येत नाही. इंटेलच्या कोअर आय३, आय५ व आय७ या नावांनंतर येणाऱ्या क्रमांकात पिढी दडलेली असते. उदाहरणार्थ, आय५-११३५जी७ मधील ११ हा आकडा अकरावी पिढी दर्शवतो. जुन्या पिढीतील आय७ हा नव्या पिढीतील आय३ पेक्षा कमी कार्यक्षम असू शकतो. म्हणून जाहिरातीत पिढीचा उल्लेख न करता केवळ 'आय७' असे लिहिलेले असल्यास ती माहिती अपुरी ठरते. एएमडीच्या रायझन ७००० या मालिकेत तिसरा अंक अंतर्गत रचना दर्शवतो. त्यामुळे रायझन ५ ७५२०यू या नव्या वाटणाऱ्या क्रमांकाच्या प्रोसेसरमध्ये प्रत्यक्षात जुनी झेन २ रचना आहे. सेलेरॉन एन४०२० सारखे दोन गाभ्यांचे प्रोसेसर एका वेळी एकाच हलक्या कामासाठी पुरतात. दूरदृश्य बैठक चालू असताना इतर कामे करायची झाल्यास ते अपुरे पडतात.

रॅम

विंडोज ११ साठी किमान ४ गिगाबाइट रॅम आवश्यक आहे. ही प्रणाली सुरू होण्याची किमान अट आहे. तीवर काम सुरळीत होईलच असे नाही. न्याहाळक, दस्तऐवज आणि दूरदृश्य बैठक एकत्र वापरण्यासाठी व्यवहारात ८ गिगाबाइट रॅम पुरेशी मानली जाते. अनेक स्वस्त यंत्रांत रॅम मदरबोर्डवरच डाग देऊन बसवलेली असते व ती नंतर वाढवता येत नाही. रिकामा रॅम स्लॉट असलेल्या यंत्रात हा खर्च पुढे ढकलता येतो. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये रॅमचा काही भाग चित्रप्रक्रियेसाठी वापरला जातो, हेही लक्षात घ्यावे लागते.

साठवण

फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी असल्यास यंत्र सुरू होण्याचा व प्रोग्राम उघडण्याचा वेळ लक्षणीयरीत्या कमी होतो. सर्वांत स्वस्त यंत्रांत ईएमएमसी प्रकारची साठवण असते. ती एसएसडीपेक्षा मंद असून बहुधा बदलता येत नाही. ६४ गिगाबाइट साठवण ही विंडोज ११ ची किमान मर्यादाच असल्याने, अशा यंत्रात प्रणालीच्या अद्ययावतीकरणांनंतर स्वतःच्या कामासाठी फारच थोडी जागा उरते.

पडदा आणि बॅटरी

१३६६ × ७६८ बिंदूंच्या पडद्यावर मजकूर कमी मावतो. १९२० × १०८० बिंदूंचा पडदा दीर्घ वाचनासाठी अधिक सोयीचा असतो. आयपीएस प्रकारच्या पडद्यावर टीएन प्रकारापेक्षा बाजूने पाहतानाही रंग स्थिर दिसतात. बॅटरीची क्षमता वॅट-तासांत मोजली जाते. ४१ वॅट-तासांची बॅटरी आणि सरासरी ८ वॅट वीजवापर असल्यास यंत्र सुमारे ५ तास चालते. जाहिरातीतील तास हे बहुधा कमी प्रकाशमान पडदा व हलके काम गृहीत धरून दिलेले असतात.

संचालन प्रणाली

काही लॅपटॉप विंडोजशिवाय, फ्रीडॉस किंवा लिनक्ससह कमी किमतीत विकले जातात. विंडोजचा परवाना स्वतंत्रपणे घ्यावा लागल्यास ही बचत नाहीशी होऊ शकते. उबंटू व लिनक्स मिंट या प्रणाली तसेच लिबरऑफिस हा कार्यालयीन संच विनामूल्य उपलब्ध आहेत. पुणे येथे मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने भारतीय भाषांच्या वापरासाठी बॉस ही लिनक्स प्रणाली विकसित केली आहे. विंडोज व लिनक्स या दोहोंवर इनस्क्रिप्ट कळफलकाद्वारे मराठी टंकलेखन करता येते.

प्रणालीची निवड अभ्यासक्रमावर अवलंबून असते. वाणिज्य शाखेत वापरली जाणारी टॅलीप्राइम ही आज्ञावली विंडोजसाठीच बनवलेली आहे, तर स्थापत्य व यंत्र अभियांत्रिकीतील ऑटोकॅडची संपूर्ण आवृत्ती क्रोमओएस किंवा लिनक्सवर थेट बसवता येत नाही. उलट, प्रोग्रामिंग शिकणाऱ्या विद्यार्थ्याला लिनक्स अनेकदा पुरेसे असते.

वापरलेले व रिफर्बिश्ड लॅपटॉप

कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांचे लॅपटॉप काही वर्षांनी बदलतात. लेनोवो थिंकपॅड, डेल लॅटिट्यूड व एचपी एलिटबुक या व्यावसायिक मालिकांतील अशी यंत्रे तपासून, दुरुस्त करून पुन्हा विकली जातात. त्यांना रिफर्बिश्ड म्हणतात. दिल्लीतील नेहरू प्लेस आणि मुंबईतील लॅमिंग्टन रस्ता हे संगणकांच्या बाजारपेठांसाठी प्रसिद्ध भाग आहेत. व्यावसायिक मालिकांची बांधणी भक्कम असते, कळफलक चांगला असतो आणि सुटे भाग तुलनेने सहज मिळतात. त्यामुळे त्याच किमतीच्या नव्या स्वस्त यंत्रापेक्षा त्या अधिक काळ टिकू शकतात.

अशा खरेदीत पुढील बाबी तपासल्या जातात :

• बॅटरीची मूळ व सध्याची क्षमता. विंडोजमध्ये याचा अहवाल तयार करण्याची सोय असते.
• बिजागरी, कळफलक, सर्व पोर्ट, कॅमेरा आणि पडद्यावरील मृत बिंदू.
• बायोसचा पासवर्ड किंवा पूर्वीच्या कंपनीचे दूरस्थ नियंत्रण शिल्लक नसणे. ते असल्यास यंत्र नंतर अचानक बंद पडू शकते.
• अनुक्रमांक नमूद असलेले पावतीबिल आणि लेखी वॉरंटी.

विंडोज १० ची सर्वसाधारण सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० आणि इंटेलचा असल्यास साधारणतः आठव्या किंवा त्यापुढील पिढीचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुने यंत्र कितीही स्वस्त असले तरी ते सुरक्षितपणे वापरण्यासाठी लिनक्ससारखा पर्याय स्वीकारावा लागतो. क्रोमबुकच्या बाबतीतही स्वयंचलित अद्यतनांची अंतिम तारीख ठरलेली असते. ती खरेदीच्या दिवसापासून नव्हे, तर त्या यंत्राचा मूळ प्लॅटफॉर्म बाजारात आल्यापासून मोजली जाते.

खर्चाचे मूल्यमापन

किमतीला अपेक्षित वापराच्या वर्षांनी भागल्यास वार्षिक खर्च मिळतो. उदाहरणार्थ, २४,००० रुपयांचा लॅपटॉप दोन वर्षांत अपुरा पडल्यास वार्षिक खर्च १२,००० रुपये होतो, तर ३५,००० रुपयांचा लॅपटॉप पाच वर्षे चालल्यास तो ७,००० रुपये होतो. मात्र ही तुलना हाती तेवढी रक्कम असेल तरच उपयोगी ठरते. ती नसल्यास रॅम व एसएसडी पुढे वाढवता येणारे यंत्र किंवा रिफर्बिश्ड यंत्र हा मधला मार्ग ठरतो. हप्त्याने खरेदी करताना व्याज व प्रक्रिया शुल्क मूळ किमतीत मिळवून तुलना केली जाते.

ग्राहक संरक्षण

भारतात विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपसाठी भारतीय मानक ब्युरोची नोंदणी २०१२ च्या आदेशान्वये सक्तीची करण्यात आली आहे. सदोष वस्तूबाबत ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, तसेच १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मार्गदर्शन मिळते. या सर्व ठिकाणी पावतीबिल हा प्रमुख पुरावा ठरतो. बिलाविना मिळणाऱ्या सवलतीमुळे ग्राहकाचा हा आधार कमकुवत होतो.

हे सुद्धा पहा

• लॅपटॉप
• नेटबुक
• क्रोमबुक
• लिनक्स
• ई-कचरा