चरबीचा निरोप, हृदयाची भिंत

लठ्ठ माणसाचे हृदय मोठे का होते, याचे उत्तर वैद्यकाने बराच काळ वजनातच शोधले. मेयो क्लिनिकमधील स्मिथ आणि विलियस यांनी १९३३ मध्ये १३६ लठ्ठ रुग्णांचा अभ्यास मांडला, तेव्हा देहाबरोबर हृदयही वजनदार झालेले दिसले. अंग वाढले की रक्त वाढते, उपसा वाढतो आणि स्नायू जाड होतो, असा तो सरळ हिशेब. त्यात चरबी म्हणजे निव्वळ ओझे.

चरबीला स्वतःचे काही सांगायचे असते, हे उंदरांनी दाखवले. अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेत जन्मलेल्या एका अतिलठ्ठ उंदराच्या वाणाची नोंद १९५० मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे डग्लस कोलमन यांनी उंदीर जोडीजोडीने शिवून त्यांचे रक्ताभिसरण एक केले आणि भूक आवरणारे काहीतरी रक्तातून फिरते, हे ताडले. १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या चमूला त्याचे जनुक सापडले. चरबीच्या पेशी तयार करतात ते हे संप्रेरक, लेप्टिन.

इथपर्यंतची गोष्ट भुकेची. तिला हृदयाचा धागा जुळला २००३ मध्ये, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात.

लिली बरूश, जोशुआ हेअर आणि सहकाऱ्यांनी लेप्टिन मुळातच नसलेले उंदीर घेतले. दोन महिन्यांचे असताना त्यांची हृदये ठीक होती. सहा महिन्यांचे होईतो डाव्या जवनिकेची भिंत जाड झाली. मग त्यांनी दोन गट केले. एकाला लेप्टिन दिले, दुसऱ्याचे नुसते खाणे कमी केले. वजन दोन्ही गटांचे सारखेच उतरले. भिंत मात्र लेप्टिन मिळालेल्यांचीच पूर्ववत झाली. खाणे कमी केलेल्यांची जाडच राहिली. ओझे उतरूनही हृदय सावरले नाही! भाराचा सिद्धांत या एका निकालापुढे अपुरा ठरतो.

प्रतिपक्षही तितकाच तगडा आहे. त्याच वर्षी कॅनडातील मॉरिस कारमाझिन यांच्या प्रयोगशाळेने नवजात उंदरांच्या हृदयपेशींवर लेप्टिन सोडले, तर त्या पेशी फुगल्या. म्हणजे लेप्टिन नसले तरी हृदय जाड, आणि असले तरी जाड?

या पेचाची गुरुकिल्ली कोलमन यांनी अभ्यासलेल्या लठ्ठ उंदरांच्या दुसऱ्या एका वाणात असावी. त्या उंदरांच्या रक्तात लेप्टिन उदंड असते, पण ते टिपणारा ग्राहीच बिघडलेला असतो. हॉपकिन्सच्या प्रयोगात त्यांचीही हृदये जाड झाली. लठ्ठ माणसाचेही बहुधा असेच होत असावे: रक्तात लेप्टिन भरपूर, परिणाम मंद. बशीतल्या सुट्या पेशींना ना मेंदू असतो ना रक्तदाब, म्हणून त्यांच्यावरून अख्ख्या देहाचा निवाडा करता येत नाही. २०१३ मध्ये अमेरिकेतील ‘मेसा’ या बहुवांशिक पाहणीतही, इतर घटकांचा हिशेब मांडल्यावर, ज्यांचे लेप्टिन जास्त त्यांच्या डाव्या जवनिकेचे वस्तुमान कमी आढळले. हा सहसंबंध आहे, कार्यकारणाचा पुरावा नव्हे. तरी पारडे ओझ्यापेक्षा चरबीच्या निरोपाच्या बाजूनेच झुकते.

चरबीचे दुसरे संप्रेरक अ‍ॅडिपोनेक्टिन. चरबी वाढते तसे ते घटते. ते नसलेल्या उंदरांच्या हृदयावर दाब वाढवला, तर भिंत नेहमीपेक्षा अधिक जाड होते, हे २००४ मध्ये बोस्टनमधील संशोधकांनी दाखवले.

त्याच वर्षी पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचे छायाचित्र छापले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३. युडकिन यांच्या देहात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या देहात २१.२ टक्के. निरोप धाडणारी पेशी काट्यावर दिसत नाही, हे यातून उघड होते. म्हणून वजन बेताचे असले तरी वाचकांनी कमरेला टेप लावून पाहावी. दक्षिण आशियाई लोकांसाठी ठरलेली मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांना ८० आहे.