तारापूरची काळी भुकटी

चारोटीच्या नाक्यावरून पश्चिमेकडे पाहिलें, तर सुमारें १० कोसांवर समुद्रकांठीं तारापूर आहे. चैत्रांत महालक्ष्मीच्या जत्रेस लोटणारी गर्दी ह्या नाक्याच्या परिचयाची. परंतु २८ ऑक्टोबर १९६९ पासून भारताच्या पहिल्या अणुवीजकेंद्राची वीज ह्याच मुलखांतून वाहूं लागली, ही गोष्टहि तितकीच अभिमानाची आहे. त्या अणुभट्टींत इंधन म्हणून जें घातलें जातें, तें धातूचें नसून एका अर्थीं कुंभारकामच आहे, हें मात्र थोड्यांसच ठाऊक असतें.

१७८९ सालीं बर्लिनच्या क्लाप्रोट ह्या रसायनज्ञानें एक काळा पदार्थ मिळविला व तो युरेनियम हा नवा धातु होय, असें जाहीर केलें. तो धातु नव्हे, ऑक्साइड आहे, हें पेलिगो ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८४१ सालीं दाखविलें. दैवगति अशी, कीं पुढें विजेच्या कामीं हें ऑक्साइडच धातूहून सरस ठरलें. धातु उकळत्या पाण्यांत लवकर गंजतो व अणुभंगाच्या माऱ्यानें फुगतो. ऑक्साइड २८०० अंशांच्या उष्णतेसहि वितळत नाहीं. १९५७ सालीं चालू झालेल्या अमेरिकेच्या शिपिंगपोर्ट केंद्रांत त्याचा उपयोग झाला.

पण ऑक्साइड वितळत नाहीं, तर त्याच्या वड्या ओतावयाच्या कशा? उत्तर कुंभाराचेंच: भुकटी दाबावी आणि भाजावी. युरेनियमच्या वायुरूप संयुगास पाण्यांत मिळवून अमोनिया घातला, कीं पिवळा सांका बसतो. तो वाळवून, भाजून, हायड्रोजनमध्यें तापविला म्हणजे काळसर भुकटी होते. एका सेंटिमीटरच्या घनाचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. त्याचेच एक-एक मायक्रॉनचे घन केले, तर तो ६ चौरस मीटर होतो. हा अफाट पृष्ठभाग आटविण्याची ओढ कणांच्या ठायीं असते. म्हणून १७०० अंशांच्या सुमारास ते न वितळतां एकमेकांस सांधले जातात. निम्मी पोकळ असलेली वडी प्रत्येक बाजूनें जवळ जवळ एकपंचमांश आंखडते आणि शेंकडा ९५ भरीव होते.

भुकटी भरड राहिली, तर वडी सच्छिद्र होते. फार बारीक झाली, तर हवा लागतांच पेटते. गुठळ्या झाल्या, तर भेगा पडतात. ही केवळ कारागिरीची हौस नव्हे. १९७२ सालीं अमेरिकेंतील जिना केंद्रांत कमी घनतेच्या वड्या भट्टींतच आंखडल्या, त्यांच्या रांगेंत फटी पडल्या आणि तेथें नळ्या चेपल्या. उलट थोडीं छिद्रें राखावींहि लागतात; अणुभंगांत उत्पन्न होणाऱ्या वायूस जागा हवी.

तारापूरला ह्या विद्येची निकड राजकारणानें भासविली. १९६३ च्या करारान्वयें संपन्न युरेनियम अमेरिकेनें पुरवावयाचें होतें. १९७४ च्या पोखरण चांचणीनंतर त्यांत विघ्नें आलीं; १९७८ च्या अमेरिकन कायद्यानें वाट आणखी अडली; १९८२ सालीं फ्रान्सशीं तडजोड झाली. परंतु पुरवठादार बदलला, तरी भुकटी व वड्या हैदराबादच्या अणुइंधन संकुलांत होत होत्या. हें संकुल १९७१ सालीं स्थापन झालें होतें. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत तारापूरच्याच कारखान्यांत प्लुटोनियम मिसळलेल्या वड्याहि तयार झाल्या व तेथील भट्टींत वापरल्या गेल्या.

कच्चा माल परक्याचा असतां हें स्वावलंबन पूर्ण म्हणतां येणार नाहीं. परंतु माल अडविणाऱ्यास हात अडवितां आले नाहींत, हें खरें. कुंभाराची माती विकत घेतां येते. तिचा कस ओळखणारीं बोटें मात्र घरींच घडवावीं लागतात.