पडता पडता पाहिलेलं

२०२३ च्या ऑगस्टअखेरची संध्याकाळ. धारवाडच्या सुभाष रोडवर एका दुकानाच्या पायरीशी चौघे एकाच मोबाइलवर वाकले होते. ‘नोड्री, नोड्री’ (कन्नडमध्ये ‘पाहा, पाहा’) म्हणत त्यांनी मलाही जागा करून दिली. चांद्रयान-३ चा विक्रम लँडर उतरताना त्याच्याच कॅमेऱ्याने टिपलेली चंद्रभूमी पडद्यावरून सरकत होती.

या कॅमेऱ्याचं घराणं शोधायचं तर एक प्रश्न हाताशी धरावा लागतो : पडणाऱ्या यंत्राने पाहिलेलं घरी आणायचं कसं?

२४ ऑक्टोबर १९४६ रोजी न्यू मेक्सिकोतून उडालेल्या व्ही-२ रॉकेटने सुमारे १०५ किलोमीटर उंची गाठली. त्यावरचा ३५ मिलिमीटरचा कॅमेरा दर दीड सेकंदाला एक चित्र घेत होता. रॉकेट आदळलं, कॅमेऱ्याचा चुराडा झाला. वाचली ती पोलादी डबीतली फिल्म. १९६४ मध्ये रेंजर-७ ने चंद्रावर आदळण्याआधीच ४,३०० हून अधिक चित्रं रेडिओने धाडली. आपल्या चांद्रयान-१ मधली तिरंगा रंगवलेली कुपीही १४ नोव्हेंबर २००८ रोजी पंचवीस मिनिटं खाली झेपावत राहिली, दृश्यं मातृयानाच्या हवाली करत राहिली आणि मग संपली.

पण चंद्रावर वातावरण नाही म्हटलं तरी चालेल. दाट हवेतून उतरण्याची खरी कसोटी लागली १४ जानेवारी २००५ रोजी, शनीच्या टायटन या चंद्रावर. ह्युजेन्स हे यान पॅराशूटला लटकत जवळजवळ अडीच तास खाली येत होतं. संदेशाचे मार्ग दोन होते. त्यातला एक ऐकणारा, कॅसिनी या मातृयानावरचा रिसीव्हर चालू करण्याची आज्ञा द्यायचीच राहून गेली. निम्मी चित्रं कायमची गेली. ही हळहळ मला अजून सोडत नाही. हाती आली साडेतीनशेच्या आसपास. त्यांत नदीला ओढे मिळावेत तशा काळ्या रेघा स्पष्ट दिसल्या. त्या मिथेनने कोरलेल्या.

मंगळावर यानच शाबूत उतरू लागलं, तेव्हा चित्र स्वतःजवळ साठवून सवडीने पाठवता आलं. २०१२ मध्ये क्युरिऑसिटीच्या कॅमेऱ्याने उष्णतारोधक ढाल सुटून खाली जाताना टिपली. विहिरीत पडलेल्या नाण्यासारखी ती लहान होत जाते. २०२१ मध्ये पर्सिव्हरन्सचे कॅमेरे वरही पाहत होते. साडेएकवीस मीटर व्यासाचं पॅराशूट मंगळावर उघडताना अभियंत्यांनी पहिल्यांदा पाहिलं. या यानावर उतरतानाचा आवाज टिपण्यासाठी मायक्रोफोनही होता. त्यात मात्र उतरण्याचा आवाज आला नाही.