बॉबी, साखर आणि चुळबुळ

दिवाळीत अहमदपूरला गेलो तर ताईच्या घरातला साखरेचा डबा माळ्यावर! भाचा आठ वर्षांचा. लातूरच्या डॉक्टरांनी एडीएचडी सांगून सहा महिने झालेत. लक्ष टिकत नाही, एका जागी बसवत नाही, डोक्यात आलं की केलंच. कुणीतरी ताईला सांगितलं की साखर तोडली की लेकरू आपोआप शांत होतं, गोळी लागतच नाही. त्यामुळे गोळी बंद करायचा विचार चाललेला. करंज्यांच्या ताटाकडे बघत पोरगं मला हळूच म्हणालं, "मामा, मी काय केलं?"

पुण्याला परतताना ट्रॅव्हल्समध्ये हाच किडा डोक्यात वळवळत होता. हे साखरेचं आलं कुठून? पुढचे दोन वीकेंड त्यातच गेले.

वांड लेकरं काही आजची नाहीत. १९०२ मध्ये लंडनला जॉर्ज स्टिल ह्या डॉक्टरांनी अशा मुलांवर व्याख्यानं दिली होती. १९३७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडलींनी बेन्झेड्रिन दिलं आणि मुलं चक्क अभ्यासाला बसायला लागली. औषधांची वाट तिथून सुरू झाली.

आहाराची वाट खरी रुळली ती १९७३ पासून. बेंजामिन फाइनगोल्ड हे सॅन फ्रान्सिस्कोचे अ‍ॅलर्जीचे डॉक्टर. त्यांचं म्हणणं, चंचलपणाचं मूळ कृत्रिम रंगात आणि कृत्रिम स्वादात आहे. शिवाय सॅलिसिलेट असतं म्हणून सफरचंद, द्राक्षं, टोमॅटो, काकडीही बंद! पुस्तक आलं, ते खपलं, पालकांचे गट उभे राहिले. मला ह्याचं नवल वाटत नाही. तोवर आईला एक तर गोळी मिळायची, नाहीतर 'तूच लाडावून ठेवलंस' हे ऐकायला मिळायचं. फाइनगोल्डनी तिच्या हातात काहीतरी करण्यासारखं दिलं.

पण गंमत बघा, ह्या पथ्यात घराची सगळी घडीच बदलते. आई घरीच रांधते, लेबलं वाचते, पोराकडे दिवसभर लक्ष ठेवते. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे दुखणं पाठ आहे: एकदम दहा ओळी बदलल्या की बग नेमका कशानं गेला ते कळत नाही. १९८३ मध्ये कॅव्हेल आणि फोर्नेस ह्यांनी २३ अभ्यास एकत्र तपासले, तर पथ्याचा परिणाम जेमतेमच निघाला.

आणि साखर? फाइनगोल्डनी साखर बंद केलीच नव्हती! तो संशय लोकांनीच मागून जोडला. १९९४ मध्ये वोलराइक आणि सहकाऱ्यांनी अख्ख्या कुटुंबांचा किराणा बदलून पाहिला. तीन आठवडे साखर, तीन आठवडे अ‍ॅस्पार्टेम, तीन आठवडे सॅकरिन. कधी काय चाललंय ते घरच्यांनाही माहीत नाही. आईबाप ज्यांना 'साखरेनं बिघडतो' म्हणायचे त्या मुलांतही फरक दिसला नाही.

त्याच वर्षीचा हूव्हर आणि मिलिक ह्यांचा प्रयोग वाचून मात्र मी गप्पच झालो. पाच ते सात वर्षांच्या मुलांना बिनसाखरेचं पेय दिलं, पण निम्म्या आयांना सांगितलं की भरपूर साखर दिलीय. त्या आयांना मुलं जास्त चंचल वाटली. त्या मुलांच्या जास्त जवळ घुटमळल्या, जास्त टोकत राहिल्या. मला आमच्या ताईचा चेहराच दिसायला लागला.

रंग मात्र पूर्ण निर्दोष सुटले नाहीत. २००७ मध्ये साउदॅम्प्टनला साध्या, निदान न झालेल्या मुलांना रंग आणि सोडियम बेंझोएट घातलेलं पेय दिलं, तेव्हा चंचलपणा थोडा वाढलेला दिसला. सगळ्यांत नाही, पण दिसला. २०१० पासून युरोपात त्या सहा रंगांच्या पदार्थांवर इशारा छापावा लागतो. त्यातले टार्ट्राझिन आणि सनसेट यलो आपल्याकडे ठरावीक मर्यादेत चालतात. आता माळेगावच्या जत्रेतल्या जिलेबीवर आणि सुट्या बॉबीवर कसलं आलंय लेबल! तिथं किती रंग आणि कोणता, हे वाचणार कुठं?

ओमेगा-३ चं प्रकरणही असंच. २०११ मध्ये ब्लॉक आणि कवास्मी ह्यांना माशांच्या तेलाचा थोडासा फायदा दिसला, औषधापेक्षा बराच कमी. २०२३ च्या कोक्रेन आढाव्यात तेवढाही ठाम निघाला नाही. आमच्याकडची जवसाची चटणी पौष्टिकच, पण जवसातलं ओमेगा-३ वेगळ्या जातीचं; शरीर त्यातलं फार थोडं माशांतल्यासारखं करून घेतं. चटणी खावी ती भाकरीसाठी.

लोहाचं मात्र बघायला हवं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांत सुमारे ६९ टक्के रक्तक्षय आढळला. लोह कमी असेल तर लक्षावर परिणाम होतोच, आणि ते रक्त तपासून कळतं. माळ्यावरच्या डब्याकडे बघून कळत नाही.

हे सगळं मी ताईला फोनवर सांगितलं. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "अरे, पण गोळीनं लेकरू दुपारचं जेवतच नाही. मला त्याचीच भीती वाटते." आता हे खरंच होतं. मिथाइलफेनिडेटनं भूक मरते. एवढ्या चर्चेत आहाराचा खरा प्रश्न हाच होता, आणि तो कुणी काढलाच नव्हता.

पुढच्या खेपेला तिनं डॉक्टरांना विचारलं. गोळीआधी पोटभर नाश्ता, आणि रात्री गोळीचा असर उतरला की दुसरं जेवण. लोहाची तपासणीही लिहून दिली, रिपोर्ट यायचाय. डबा खाली आलाय. बॉबी बंदच आहे. रात्री नऊला साहेब दूध-भाकरी कुस्करून खातात, वर थोडी साखर घालून.