अटक, प्रतिकार आणि हद्द : एक प्रस्तावना

दादरा-नगर हवेली हा अवघ्या 491 चौरस किलोमीटरांचा मुलूख. इथल्या सुरंगीसारख्या गावाच्या एका अंगाला गुजरातचा वलसाड जिल्हा आहे, तर दुसऱ्या अंगाला महाराष्ट्राचा पालघर. वारली, कोकणा, धोडिया कुटुंबांची सोयरीक या तिन्हीकडे पसरलेली आहे. पोलीस ठाण्याची हद्द आणि कायद्याची कलमे मात्र सोयरीक पाहून आखली जात नाहीत. पोलिसाने मनगट धरले आणि धरलेल्याने ते हिसडून सोडवले, तर त्या क्षणाला कायदा काय म्हणतो, हा पुढच्या अभ्यासाचा विषय आहे. वाचकांना तो वकिलांपुरता किंवा पोलिसांपुरता वाटण्याची शक्यता आहे. पण नागरिक आणि राज्यसंस्था यांची अंगाला अंग भिडून गाठ पडते ती बहुधा इथेच, म्हणून त्याकडे थोडा वेळ द्यावा, अशी विनंती आहे.

सुरुवात दादरा-नगर हवेलीचे मुख्य शहर असलेल्या सिल्वासाच्या इतिहासापासून करावी. जुलै 1954मध्ये ‘युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स’च्या कार्यकर्त्यांनी फ्रान्सिस मस्करेन्हास आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नेतृत्वाखाली दादरा येथील पोर्तुगीज पोलीस ठाण्यावर चाल केली. ठाण्याचा उपनिरीक्षक अनिसेतो रोझारिओ आणि एक शिपाई त्यात मारले गेले. काही दिवसांनी नरोलीच्या पोलिसांनी शस्त्रे खाली ठेवली आणि 2 ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. पोर्तुगालच्या लेखी रोझारिओ कर्तव्य बजावताना पडलेला वीर होता. इथल्या जनतेच्या लेखी ठाणे ताब्यात घेणारे मुक्तिसैनिक होते. पोर्तुगालने हे प्रकरण आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेले. 12 एप्रिल 1960च्या निकालात न्यायालयाने खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यासाठी पोर्तुगालचा भारतीय हद्दीतून वाटेचा हक्क मानला, पण सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रास्त्रे यांच्यासाठी तो नाकारला. अंगावर गणवेश आहे एवढ्यावरून अधिकार सिद्ध होत नाही, तो कुठल्या सत्तेचा आणि कुठल्या वाटेने आलेला आहे हेही पाहावे लागते, याचे इतके ठसठशीत उदाहरण आपल्या आसपास दुसरे नाही. या मातीला त्याचा अभिमान वाटावा.

मुक्तीनंतर 1961पर्यंत ‘वरिष्ठ पंचायत’ या स्थानिक मंडळाने इथला कारभार पाहिला. त्या वर्षी हा प्रदेश भारतात विलीन झाला आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या अधिकारकक्षेत आला. भारतीय दंड संहिता मात्र इथे 1 जुलै 1965पासून लागू झाली. एका पिढीने आपल्या हयातीत तीन प्रकारचे पोलीस पाहिले, ही बाब वाचकांनी मनाशी ठेवावी.

आता प्रत्यक्ष कायद्याकडे वळू. ‘353 लागली’ हे वाक्य मराठी माणसाच्या कानावरून शेकडो वेळा गेलेले असते. धक्काबुक्की केली, कॉलर धरली, शासकीय कामात अडथळा आणला, की दंड संहितेचे हे कलम हटकून यायचे. 1 जुलै 2024पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम 132ने घेतली आहे. लोकसेवकाला कर्तव्यापासून परावृत्त करण्यासाठी केलेला हमला किंवा वापरलेले बळ त्यात येते. दुखापत झाली तर कलम 121 लागते. स्वतःच्या कायदेशीर अटकेला विरोध करणे हा कलम 262चा वेगळा गुन्हा आहे. ही तीन कलमे शेजारी ठेवून वाचली की एक महत्त्वाचा फरक दिसतो. 262मध्ये अटक कायदेशीर असणे ही अट आहे. पण स्वसंरक्षणाच्या हक्काला मर्यादा घालणारे कलम 37 सांगते, की लोकसेवक सद्भावनेने आणि पदाच्या अधिकाराने वागत असेल, तर त्याची कृती कायद्याच्या काट्यावर तंतोतंत बसली नाही तरी तिच्याविरुद्ध हा हक्क वापरता येत नाही. अपवाद आहे तो मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची रास्त भीती वाटण्याचा. शिवाय समोरचा माणूस लोकसेवक आहे हे ठाऊक नसेल आणि तसे मानायला कारणही नसेल, तर ही मर्यादा लागू होत नाही. साध्या वेशातल्या पोलिसाने रात्री दार ठोठावले, तर सारा खटला या एका ओळीवर उभा राहू शकतो. अटक करणाऱ्याने आपले नाव स्पष्ट दिसेल असे लावावे, हा अटकेची कार्यपद्धती सांगणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 36चा दंडक म्हणूनच दोघांच्याही बाजूचा आहे.

अटक होते कशी, हे त्याच संहितेच्या कलम 43मध्ये पाहावे. माणसाने शब्दाने किंवा कृतीने स्वतःला स्वाधीन केले नाही, तर पोलिसाने त्याच्या अंगाला स्पर्श करायचा किंवा त्याला अडवून ठेवायचे. जबरदस्तीने विरोध झाला तरच आवश्यक ते उपाय वापरता येतात. ज्याच्यावर मृत्युदंडाच्या किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही, त्याचा अटकेसाठी जीव घेण्याचा अधिकार हे कलम देत नाही. शब्दांनी केलेला विरोध हमल्यात मोडत नाही, असाही न्यायालयांचा कल दिसतो. बेंगळुरू वाहतूक पोलिसांच्या फेसबुक पानावर तक्रार लिहिणाऱ्यांविरुद्ध दाखल झालेला 353चा गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने 2015मध्ये रद्द केला.

हद्दीचा परिणाम किती खोल जातो पाहा. महाराष्ट्राने 2018मध्ये दुरुस्ती करून 353ची कमाल शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली. ती दुरुस्ती दादरा-नगर हवेलीला लागू नव्हती. म्हणजे 2024पर्यंत तीच झटापट पालघरच्या बाजूला झाली तर पाच वर्षांपर्यंत, दादरा-नगर हवेलीच्या बाजूला झाली तर दोन वर्षांपर्यंत. अपिलाचे उच्च न्यायालय मात्र दोन्हीकडे मुंबईचेच. शिक्षा वाढवल्याने पोलिसाच्या अंगावर जाणारे हात थांबतात का, हे पडताळून पाहायला याहून चांगली जागा मिळणे कठीण. तरुण अभ्यासकांनी हे काम हाती घ्यावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

माझ्या मते या विषयाचा सर्वांत दुर्लक्षित धागा भाषेचा आहे. घरात वारली बोलली जाते, बाजारात गुजराती किंवा मराठी, आणि ठाण्यातला कागद आणखी निराळ्या भाषेत. आपल्याला कशासाठी नेत आहेत हे न कळलेला माणूस मागे सरतो, हात सोडवतो, बायकामुले आरडाओरडा करतात, आणि मूळ किरकोळ गुन्ह्यावर ‘अडथळ्या’चा मोठा गुन्हा चढतो. अटकेची कारणे सांगण्याचे बंधन संविधानाच्या अनुच्छेद 22नेच घातले आहे. प्रतिबंधक स्थानबद्धतेसंबंधीच्या ‘हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या 1962च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कारणे त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत द्यायला हवीत असे ठरवले आणि तसे न झाल्याने स्थानबद्धता बेकायदा ठरवली. सुरंगीच्या पाड्यावर वारलीत बोललेली दोन वाक्ये लाठीपेक्षा जास्त काम करतील, असे मला ठामपणे वाटते.

पोलिसाच्या बाजूने पाहणेही तितकेच गरजेचे आहे. ऑगस्ट 2016मध्ये मुंबईत खारला कागदपत्रे तपासणाऱ्या वाहतूक पोलिसाच्या डोक्यात प्रहार झाला आणि काही दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. 16 एप्रिल 2020च्या रात्री, दादरा-नगर हवेलीच्या सीमेलगत, पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे अफवेने पेटलेल्या जमावाने तिघांचा जीव घेतला. तिथे पोहोचलेल्या पोलिसांवरही हल्ला झाला. पुढे त्यांच्यातल्याच काहींना कर्तव्यात कसूर केल्याबद्दल सेवेतून जावे लागले. मूठभर पोलीस आणि शेकडोंचा जमाव, हे गणित समजून घेतल्याशिवाय कोणाही एकावर शेरा मारू नये. पालघरच्या याच डहाणू-तलासरी पट्ट्याने 1945चा वारल्यांचा लढाही पाहिला आहे. गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ वाचले, तर इथल्या लोकांच्या मनात ठाण्याबद्दलचे भय कुठून आले ते उमगते.

नव्या वाचकाने पुस्तकी कलमांनंतर थेट एखाद्या निकाली खटल्याचे कागद वाचावेत. अशा खटल्यात फिर्यादी पोलीस असतो, मुख्य साक्षीदारही बहुधा पोलीसच, आणि तपासही पुष्कळदा त्याच ठाण्याचा. तेव्हा तुम्ही आधी वेळा पाहा: स्टेशन डायरीतली नोंद, अटकेची वेळ, फिर्यादीची वेळ. मग पंच कोण आणि कुठले, हे पाहा. त्यानंतर दोन वैद्यकीय दाखले समोरासमोर ठेवा, एक पोलिसाचा आणि दुसरा अटक झालेल्याचा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 53नुसार अटक झालेल्या माणसाचीही वैद्यकीय तपासणी व्हायला हवी. पुष्कळदा फाईलमध्ये पहिला दाखला सापडतो आणि दुसऱ्यासाठी पाने उलटत बसावे लागते. तो सापडेपर्यंत मत बनवू नका.