कोपऱ्यातला माणूस आणि हेलसिंकीचा अर्धा तास

मंडळी, विषय बॉक्सिंगचा आणि गाव अक्कलकोट, हे ऐकून मघाशी दारात दोघं-तिघं हसले. हसणं रास्त आहे. तुमच्याकडं जत्रेत कुस्तीचा फड लागतो, एकीकडून मराठीत आणि दुसरीकडून कानडीत आरोळ्या येतात. दोरांचं चौकोनी रिंग काही लागत नाही. पण आम्हाला ज्या माणसाबद्दल बोलायचं आहे, त्याची गरज मातीतही तितकीच पडते. बॉक्सिंगमध्ये त्याची जागा ठरलेली आहे, म्हणून सुरुवात तिथून करू.

दोन राउंडच्या मध्ये बॉक्सर कोपऱ्यातल्या स्टुलावर येऊन बसतो आणि दोन-तीन माणसं त्याच्याभोवती गोळा होतात, हे तुम्ही टीव्हीवर पाहिलंय. तीन मिनिटं लढायचं आणि एक मिनिट थांबायचं, ही पद्धत १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांनी रूढ केली. कोपऱ्यातला माणूस मात्र त्याहून जुना. १७४३ मध्ये लंडनच्या जॅक ब्रॉटननं मुष्टियुद्धाचे पहिले लेखी नियम केले. तेव्हा हातमोजे नव्हते. गडी खाली पडला की राउंड संपला, मग अर्ध्या मिनिटात त्याला पुन्हा रेघेपाशी आणून उभं करायचं. हे आणून उभं करणाऱ्याला ‘सेकंड’ म्हणत.

त्या नियमांतली एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. गडी हरला हे केव्हा मानायचं? एक तर तो वेळेत रेघेपाशी आला नाही तर, किंवा त्याच्या स्वतःच्या सेकंडनं तो हरल्याचं सांगितलं तर. म्हणजे पाणी पाजणं, घाम पुसणं ही कामं होतीच. पण लढणाऱ्याच्या वतीनं बोलण्याचा अधिकार पहिल्या लेखी नियमांतच या माणसाला देऊन टाकला होता. प्रतिस्पर्ध्याला त्यानं काही विचारायचं नाही, हार मान असं सुचवायचंही नाही, हेही तिथंच लिहिलंय. तेव्हाही असले उद्योग चालत असणार, त्याशिवाय नियम कोण करतं!

आता त्या एका मिनिटात काय काय करायचं ते बघा. दातांवरचं रबर काढायचं, चूळ भरायला पाणी द्यायचं. भुवई फुटली असेल तर बोळा दाबून रक्त थांबवायचं, वर व्हॅसलीन लावायचं. डोळा सुजत असेल तर बर्फात गार केलेली धातूची पट्टी दाबून धरायची. हे सगळं करताना चांगला माणूस पहिले दहा-पंधरा सेकंद तोंडच उघडत नाही. गड्याला श्वास घेऊ देतो. मग एक गोष्ट सांगतो, फार तर दोन. कच्चा माणूस आठ सांगतो, आणि मग त्यातली एकही गड्याच्या डोक्यात राहत नाही. घंटेच्या दहा सेकंद आधी इशारा होतो, की स्टूल उचलून बाहेर.

पण ही झाली हातांची कामं, ती शिकता येतात. माणसाची खरी परीक्षा निर्णय घ्यायची वेळ येते तेव्हा होते. १९६४ मध्ये मायामी बीचला कॅशियस क्ले, म्हणजे पुढचा मुहम्मद अली, चौथ्या राउंडनंतर कोपऱ्यात आला तो डोळ्यांची आग आग होतेय म्हणत. दिसत नाही, मोजे कापून टाका, म्हणाला. अँजेलो डंडीनं त्याचे डोळे धुतले आणि त्याला ढकलून रिंगमध्ये परत पाठवलं : लांब राहा, पळत राहा. सातव्या राउंडला सॉनी लिस्टन स्टुलावरून उठलाच नाही आणि क्ले जगज्जेता झाला.

याच्या बरोब्बर उलट, १ ऑक्टोबर १९७५, फिलिपीन्स. अली आणि जो फ्रेझर यांची तिसरी लढत, चौदा राउंड झालेले, एकच उरलेला. फ्रेझरचे डोळे सुजून मिटत आले होते. त्याच्या कोपऱ्यातल्या एडी फचनं लढत थांबवली. फ्रेझर नको नको म्हणत होता. पण फचनं या खेळात माणसं मरताना पाहिली होती. एकानं गड्याला पुढं ढकललं, दुसऱ्यानं खाली बसवलं, आणि दोघांनीही गड्याचं ऐकलं नाही. दोघंही उत्तम मानले जातात.

आता आपल्या मातीत येऊ. आपल्या निकाली कुस्तीत राउंड नाहीत. एकदा सलामी झाली की चितपट होईपर्यंत चालायचं, नाहीतर पंच बरोबरीत सोडवेपर्यंत. मधे विश्रांती नाही, त्यामुळं कोपराही नाही. मग वस्ताद काय करतो? त्याचं निम्मं काम जोड लावतानाच होतं. हा जोड माझ्या पोराला जड आहे, आता नको, असं तो चारचौघांत सांगतो. पोरगं नुकतंच एक कुस्ती करून आलेलं असेल तर लगेच दुसरी लावू देत नाही. बाहेरून आवाज देतो ते वेगळंच. पठ्ठ्याला स्वतःला हे सांगता येत नाही. पैलवान कधी म्हणेल का, की मी दमलोय?

आणि इथंच आम्हाला खाशाबा जाधव आठवतात. कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये, मॅटची सवय नसताना, ते सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायचं तर पैसे नव्हते. गावानं वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, असं सांगतात. एवढी माणसं मागं उभी होती!

खाशाबांनी फ्रीस्टाइलच्या बँटमवेट गटात कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. मग जपानच्या शोहाची इशीशी पंधरा-एक मिनिटांची दमछाक करणारी कुस्ती झाली, ती गेली. ती संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोवशी लढायला बोलावलं. दोन लढतींमध्ये किमान अर्धा तास विश्रांती द्यावी, असा नियम होता. तो दाखवून हट्ट धरायला भारतीय पथकातला एकही अधिकारी तिथं हजर नव्हता. खाशाबा तसेच उभे राहिले आणि हरले. इशीला सुवर्ण, मामेदबेकोवला रौप्य, खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला १९९६ उजाडलं.

त्या अर्ध्या तासानं सुवर्ण हुकलं असं पुष्कळ जण छातीठोक सांगतात. आम्ही तसं म्हणणार नाही. इशीकडून ते आधीच हरले होते आणि मामेदबेकोवही साधा गडी नव्हता. आमचं म्हणणं एवढंच आहे, की तो अर्धा तास त्यांच्या हक्काचा होता. तो मागायला डावपेच कळायची गरज नव्हती, नियम माहीत असलेला आणि जागेवर असलेला माणूस पुरला असता. छाती भात्यासारखी वरखाली होत असताना, आपलं नाव पुकारलेलं असताना, मल्लानं स्वतः पंचांशी वाद घालावा ही अपेक्षाच चुकीची. गावच्या जत्रेत कुठलाही वस्ताद जे सहज करतो, ते करायला देशाच्या पथकातून कोणी आलं नाही. गोळेश्वरनं मात्र शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक काढली.

आता मॅटवरच्या कुस्तीत तीन-तीन मिनिटांचे दोन डाव असतात, मधे तीस सेकंद. म्हणजे कोपरा आपल्याकडंही आला. शिवाय पंचांचा निर्णय पटला नाही तर प्रशिक्षक मॅटवर एक मऊ ठोकळा फेकतो आणि व्हिडिओ बघायला लावतो. दाद खोटी ठरली तर समोरच्याला गुण मिळतो, त्यामुळं उगाच फेकून चालत नाही. गंमत अशी की मल्लाला ते मान्य नसेल तर तो ठोकळा परत भिरकावू शकतो. फचच्या वेळी फ्रेझरला ही सोय नव्हती. तीस सेकंदांत काय सांगायचं हे मात्र अजून आपल्याकडं फारसं कोणी शिकवत नाही. परवाच एका सामन्यात आम्ही पाहिलं, तिघं प्रशिक्षक एकाच पोराच्या कानात एकाच वेळी ओरडत होते, आणि पोरगं पाण्याच्या बाटलीकडं बघत होतं.

आमचं एवढंच. मागं दोन-तीन वस्ताद बसलेत, ते मघापासून गालात हसताहेत. त्यांनी आता पुढं यावं आणि आमचं काय चुकलं ते सांगावं.