धुराची वाट : चूल, वैल आणि धुराडे

१/ स्वयंपाकघरातील धूर कोणत्या वाटेने बाहेर न्यावा, हा प्रश्न वरवर पाहता गवंड्याचा. प्रत्यक्षात तो चुलीपुढे बसणाऱ्या स्त्रीच्या डोळ्यांचा आणि छातीचा आहे. त्या वाटेच्या शोधाचा हा धागा.

२/ महाराष्ट्रातील जुन्या खेड्यांत चुलीला धुराडे क्वचितच असे. धूर कौलांच्या फटींतून, गवती छपरातून किंवा भिंतीतील झरोक्यातून बाहेर पडे. त्याचे उपयोगही होते: वाशांना कीड कमी लागे, आढ्याला टांगलेले बियाणे टिके. घर राखणारा हा धूर घरातील बाईला मात्र रोज सोसावा लागे.

३/ उष्णतेची काटकसर त्या चुलीला ठाऊक होती. मुख्य चुलीला जोडून 'वैल' असे. आतल्या भोकातून येणाऱ्या आचेवर दुसरे भांडे शिजे किंवा गरम राही. जळण तेच, काम दुहेरी. पुढच्या सुधारकांनी याच तत्त्वाला धुराड्याची जोड दिली.

४/ डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी वर्ध्यात त्यासाठी जागा दिली आणि मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ तिचे नाव मगनवाडी पडले. जे. सी. कुमारप्पा यांच्या नेतृत्वाखाली तिथे तेलघाणी, हातकागद यांबरोबर चुलीचाही विचार झाला. १९४० च्या दशकातील 'मगन चूल' ही त्याच वातावरणाची देणगी.

५/ हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील डॉ. एस. पी. राजू यांनी १९५३ मध्ये निर्धूर चुलीवर पुस्तिका प्रसिद्ध केली. त्यांची चूल मातीचीच होती. आच बंद बोगद्यातून एकामागून एक भांड्यांखाली जाई आणि उरलेला धूर धुराड्यात शिरे.

६/ यामागचे शास्त्र साधे आहे. तापलेली हवा हलकी असते, ती वर चढते आणि मागून ताजी हवा ओढून घेते. धुराडे उंच आणि उबदार असेल तर ओढ वाढते. वाटेत वळण आले, आडवा भाग लांबला किंवा काजळी साचली की ओढ मंदावते आणि धूर चुलीच्या तोंडातूनच परत येतो.

७/ या धुराची हानी मोजली गेली ती बरीच उशिरा. कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातमधील खेड्यांत, स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावर उपकरणे लावून हवेचे नमुने घेतले. तो अभ्यास १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. सरकारचा राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमही त्याच सुमारास सुरू झाला. २००२ मध्ये तो थांबेपर्यंत तीन कोटींहून अधिक चुली बसवल्या गेल्या होत्या.

८/ चुली बसल्या, पण पुष्कळ ठिकाणी टिकल्या नाहीत. ओडिशातील धुराड्याच्या चुलींचा रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी चार वर्षे मागोवा घेतला. पहिल्या वर्षी शरीरात जाणारा धूर कमी झाला, पुढे तो लाभ ओसरला. चुलींचा नियमित वापर होत नव्हता आणि देखभालही होत नव्हती. धुराडे बांधणारा एकदाच येतो, ते झाडावे लागते पुनःपुन्हा. हे काम कोणाचे, याचे उत्तर आराखड्यात नव्हते.

९/ आज शहरी ओट्यावर विजेची चिमणी आली आहे. पंखा हवा ढकलतो, म्हणून नळी थोडी आडवीही चालते; पण जुने नियम सुटलेले नाहीत. वाट आखूड हवी, वळणे कमी हवीत, नळी मध्येच अरुंद होता कामा नये, आणि तिचे तोंड शेजाऱ्याच्या खिडकीत नव्हे तर मोकळ्या हवेत उघडायला हवे. काजळीच्या जागी आता तेलाचा चिकट थर आहे, आणि तो कोणी पुसायचा, हा ओडिशातील प्रश्न ओट्यापाशीही तसाच उभा आहे.